डबा उघडून देणं हे शिकवणं आहे का?

या वेळचं पत्र पिंपरी-चिंचवडमधल्या एका नर्सरी टीचरचं आहे. पत्र बरंच मोठं होतं, थोडं कमी करून देतेय, नाव अर्थातच देत नाही.

"ताई, मी ३१ वर्षांची आहे, एका खाजगी शाळेत सहा वर्षं नर्सरीला शिकवते. बी.ए. झालंय, माँटेसरीचा डिप्लोमा केलाय. वर्गात ३२ मुलं, मी आणि एक मावशी. परवा घरी जाऊन हिशोब मांडला की आज दिवसभर मी काय केलं, तर ९ डबे उघडून दिले, ३ चड्ड्या बदलल्या, एकीला अर्धा तास कडेवर घेऊन फिरले, दोघांची ओरबाडाओरबाडी सोडवली आणि 'ब'चं वर्कशीट अर्धंच राहिलं. एक मुलगा आहे, तो रोज माझ्यासमोर येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, नुसता डबा पुढे करतो. मी उघडून देते, तो जातो. सुपरवायझर मॅडम म्हणतात टीचरने टीचरचं काम करावं, बाकीचं मावशी बघतील. पालक मीटिंगला एक बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, आम्ही फी शिकवायची भरतो, सांभाळायला घरी आजी आहे. आता जूनपासून नवीन नियम येतोय, बाथरूम आणि डबा पूर्ण मावशींकडे, टीचरने तेवढ्या वेळात वह्या आणि वर्कशीट तपासायची. मला एकीकडे सुटल्यासारखं वाटतंय आणि एकीकडे पोटात कसंतरी होतंय. मी टीचर आहे का आया आहे हेच कळेनासं झालंय. घरचे म्हणतात बी.एड. कर आणि मोठ्या मुलांकडे जा. काय करू?"

अगं मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या यादीपाशीच थांबले. ९ डबे, ३ चड्ड्या, अर्धा तास कडेवर. तू ही यादी वाया गेलेल्या दिवसाचा पुरावा म्हणून लिहिली आहेस आणि मला त्यात तुझा खरा वर्ग दिसतोय, 'ब'च्या वर्कशीटपेक्षा कितीतरी जास्त. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. तुला हे उद्या सुपरवायझर मॅडमसमोर उभं राहून नीट सांगता आलं पाहिजे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नकोस.

आधी तो डबा घेऊ. साडेतीन वर्षांचं मूल, चारी बाजूंनी क्लिप असलेला प्लास्टिकचा डबा, आईने सकाळी घाईत घट्ट दाबून लावलेला. तू घेतलास, चार वेळा खट खट केलंस, दिलास, पुढचा घेतलास, ३२ मुलं असल्यावर दुसरं काय करणार, मला कळतं ते. पण एखाद्या दिवशी एवढंच करून बघ, तीन क्लिपा तू उघड आणि चौथी अर्धी उचलून ठेव आणि डबा त्याच्या हातात दे आणि म्हण, "घट्ट आहे नं? अंगठा इथे ठेव, वर ओढ." मग गप्प बस. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं कारण बाजूला पाच जण डबा घेऊन उभे असतात. तो आधी चुकीच्या बाजूने ओढेल, मग तुझ्या तोंडाकडे बघेल, मग परत ओढेल, आणि ज्या क्षणाला ती क्लिप सुटते ना तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघ. त्या अर्ध्या मिनिटात बोटांना ताकद कुठे लावायची ते कळलं (हीच बोटं उद्या पेन्सिल धरणार आहेत), घट्ट, सैल, वर, ओढ हे शब्द हातात वस्तू असताना कानावर पडले, एकदा जमलं नाही तरी परत करून बघायचं हे कळलं, आणि अडलं तर मोठं माणूस जवळ आहे, ते हिसकावून घेत नाही, हेही कळलं. वर्कशीटवर यातलं काय आहे सांग बरं.

आता माझी एक गोष्ट सांगते, ती कितीतरी वर्षं मी कुणाला सांगितली नव्हती.

माझं माहेर फलटणचं, लग्न होऊन सोलापूरला आले आणि १९९१ साली पूर्व भागातल्या एका बालवाडीत लागले. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट, चादरी, टॉवेल, घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका, आणि बरीचशी घरं पद्मशाली समाजाची, घरात तेलुगू बोलणारी. मला तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. आमच्याकडेही तेव्हा तीच वाटणी होती, बाईंनी गाणी गोष्टी चित्रं घ्यायची आणि शू-शी, पाणी, नाक पुसणं, रडणारं मूल बाहेर नेणं हे सगळं मावशीने. मी नवीन होते, कोर्स करून आले होते, मला ती वाटणी आवडायची, खोटं कशाला बोलू, त्यामुळे मला आपण बाई असल्यासारखं वाटायचं.

तर एक मुलगी नवीन आली होती, चार वर्षांची असेल. उन्हाळा सुरू झाला होता, पत्र्याची खोली. चित्रं रंगवायला बसवलं होतं आणि ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "नीळ्ळू." मी तिला निळा खडू दिला. तिने तो घेतला, बघितला, परत आली, "नीळ्ळू." मी म्हटलं दिला की निळा, आणि कागदावर आकाश दाखवलं, आकाशाला निळा द्यायचा. मला मनातून आनंद झाला होता की या मुलीला रंग ओळखता येतात. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि मी जरा आवाज चढवून म्हटलं, जागेवर बस. मावशी दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्या काही न बोलता आत गेल्या आणि पाण्याचा पेला भरून आणला. नीळ्ळू म्हणजे तेलुगूत पाणी. ती मुलगी एका दमात अख्खा पेला प्यायली, आणि पेला तोंडाला लावून माझ्याकडे बघत होती.

मावशी तिथल्याच होत्या, त्यांना तेलुगू यायचं. पाणी द्यायचं काम माझ्याकडे नव्हतं म्हणून तो शब्द माझ्याकडे कधी पोचलाच नव्हता, समजतंय का मी काय म्हणतेय? ज्या कामात मूल सगळ्यात जास्त बोलतं, तहान लागली, शू लागली, पोटात दुखतंय, आई कधी येणार, ती सगळी कामं आम्ही 'खालची' म्हणून वर्गाबाहेर काढली होती, आणि उरलेल्या वेळात मी त्यांना भाषा शिकवत होते. त्या दिवशी खरी शिक्षिका कोण होती ते मला घरी जाऊन कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी मावशींना विचारून विचारून २० एक शब्द वहीत लिहून घेतले, पाणी, भात, शू, भूक, दुखतंय, आई, चल, थांब. त्यानंतर पाणी मी द्यायला लागले आणि गोष्ट सांगताना मावशी माझ्या शेजारी बसायला लागल्या, मी मराठीत सांगायचे त्या तेलुगूत, आणि मुलं दोन्हीकडे बघायची. महिन्याभरात त्या मुलीने स्वतःहून "बाई पाणी नीळ्ळू" असं दोन्ही जोडून म्हटलं होतं.

म्हणून तुझ्या शाळेच्या नवीन नियमाने तुझ्या पोटात जे कसंतरी होतंय ना, त्याच्यावर विश्वास ठेव. ते बरोबर आहे.

आणि हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही, आपल्याकडे या कामाची सुरुवातच अशी झाली आहे. बालशिक्षणाचं मोठं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या, पुढे १९५७ ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. अंगणात गेल्यावर तुम्हाला असं नाही म्हणता येत की मी फक्त अक्षरं शिकवणार, समोर मूल जसं आहे तसं बसलेलं असतं, भुकेलं, नाक वाहणारं, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेलं. त्याच्यासकट सुरुवात करावी लागते. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बाल विकास योजना (आजच्या अंगणवाड्या त्यातल्याच) आणली तेव्हा तिच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी वगैरेच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षण होतंच, आणि रोज खाऊ देणारी आणि गाणं म्हणणारी बाई एकच होती. आजसुद्धा सरकारी कागदावर या कामाचं नाव प्रारंभिक बाल्यावस्था संगोपन आणि शिक्षण असं आहे, बघ, संगोपन आधी लिहिलंय. तुमच्या खाजगी शाळांनी (सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच) त्यातलं शिक्षण तेवढं उचललं आणि संगोपन मावशींच्या पगारात टाकलं.

तू माँटेसरीचा डिप्लोमा केलायस म्हणून आणखी एक आठवण करून देते. १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालघर काढलं. तिथे एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं, रुमाल कसा काढायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, अगदी सावकाश. झाल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग लक्षात आलं की या मुलांना नाकावरून आजपर्यंत फक्त बोलणी बसली होती, नाक पुस, शी किती घाण, पण ते करायचं कसं हे कुणी आदराने दाखवलंच नव्हतं. मला हा प्रसंग गुलाबी मनोऱ्यापेक्षा (लहानमोठ्या ठोकळ्यांचं ते माँटेसरी साहित्य) आणि सगळ्या महागड्या साहित्यापेक्षा मोठा वाटतो. आज माँटेसरी नावाच्या कितीतरी शाळांमध्ये ते साहित्य काचेच्या कपाटात असतं आणि नाक मात्र मावशी पुसतात, मागून येऊन, न सांगता, ओढणीच्या टोकाने पुसावं तसं.

बुडापेस्टला एमी पिकलर नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या, १९४६ पासून त्यांनी तिथे अनाथ बाळांचं घर चालवलं. त्यांच्याकडे नियम असा की बाळाचं लंगोट बदलताना, अंघोळ घालताना, भरवताना घाई करायची नाही, आधी बाळाला सांगायचं आता मी तुला उचलणार आहे, आता हात बाहीतून काढू या, आणि त्याने हात पुढे करायची वाट बघायची. एका बाईकडे बरीच बाळं असायची तरीसुद्धा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बाळाला दिवसभर माणूस मिळतो तो याच वेळांना, मग तोच वेळ उरकून टाकायचा कसा.

तर तुझ्या तीन चड्ड्या. मूल ओलं झालंय, त्याला लाज वाटतेय, आजूबाजूची मुलं बघतायत, एक जण हसतोय. त्या वेळी तू काय बोलतेस याने त्या मुलाला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटणार हे ठरतं, मी वाढवून सांगत नाहीये. "झालं का, होतं असं, चल बदलू या. चड्डी मी काढू का तू काढतोस?" हा एवढा एक प्रश्न बघ. रोज कुणीतरी विचारून हात लावतं ही सवय ज्या मुलाला लागते त्याला न विचारता लावलेला हात खटकतो. आपण भिंतीवर चांगला स्पर्श वाईट स्पर्श असा तक्ता लावतो, वर्षातून एकदा वर्कशॉप घेतो, आणि रोज बाथरूममध्ये चार मुलांना ओळीने उभं करून पटापट चड्ड्या वरखाली करतो, मग मूल काय शिकलं? हो, सुरक्षिततेचे नियम पाळायचेच, दार पूर्ण बंद नको, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर हवं, शाळेने हे लेखी द्यायला हवं. पण सुरक्षिततेसाठी टीचरला तिथून बाजूला काढायची गरज नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट, आणि यात कदाचित तुला माझा राग येईल. "मी त्यांची दुसरी आईच आहे" हे वाक्य तू पत्रात कुठे लिहिलं नाहीस याचा मला आनंद झाला, कारण आपल्या क्षेत्रात ते फार बोललं जातं, टीचर्स डेच्या ग्रीटिंगवर असतं, गॅदरिंगच्या भाषणात असतं. मला ते वाक्य आवडत नाही. आईला एक नाहीतर दोन मुलं, आणि ती तिची. तुझ्याकडे दुसऱ्यांची ३२, त्यात तीन असे की त्यांना जवळ घेतलेलं चालत नाही, एक चावणारी, एक अजून बोलत नाही असा, आणि तुला प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने शांत करता येतं. ही माया आहेच पण त्याच्यात बघून बघून, चुकून, अभ्यास करून आलेलं कसब आहे. आणि कामाला नुसती माया म्हटलं की पैसे द्यायची वेळ आली की लोक म्हणतात मायेचे काय पैसे. अंगणवाडीच्या ताईंचं बघ ना, कामाला सेवा म्हटलं म्हणून त्यांना मिळतं त्याला पगार नाही तर मानधन म्हणतात, आणि ग्रॅच्युइटीचा कायदा सेविका आणि मदतनिसांना लागू होतो हे सुप्रीम कोर्टाने सांगेपर्यंत एप्रिल २०२२ उजाडलं, म्हणजे योजना सुरू होऊन ४६ वर्षं होऊन गेली होती. आणि बघ, त्याच निकालात अंगणवाडीत मुलांना शिकवलं जातं याची कोर्टाने दखल घेतली आहे. म्हणून आई म्हणवून घेऊ नकोस. तू या वयाच्या मुलांची शिक्षिका आहेस आणि या वयाच्या मुलांना शिकवायचं ते अंगाखांद्यावरूनच शिकवावं लागतं, असं सांग.

आणि याची दुसरी बाजू. हे सगळं वाचून तू उद्या प्रत्येक गोष्टीचा धडा करायला निघू नकोस गं. ताप आलेलं मूल मांडीवर झोपलंय तर त्याला फ्रॉकचा रंग विचारू नकोस. आई सोडून गेल्यावर ऊर फुटेस्तोवर रडणाऱ्या मुलीला पायऱ्या मोजायला लावू नकोस. तू तिला अर्धा तास कडेवर घेऊन फिरलीस, तेवढंच पुरेसं होतं, त्यातून काय साध्य झालं असं कुणी विचारलं तर सरळ सांग की ती शांत झाली. शांत झाल्यावर ती खाली उतरून ठोकळ्यांकडे गेली असेल, गेली ना? मग झालं. काही वेळा सांभाळणं हे फक्त सांभाळणंच असतं आणि ते तसंच राहू द्यावं. कुठे हात पुढे करायचा, कुठे मागे घ्यायचा, कुठे नुसतं बसायचं हे ओळखणं हेच तर आपलं काम आहे, आणि ते ओळखायला तू तिथे असावी लागतेस, स्टाफरूममध्ये वर्कशीटवर स्टार काढत बसून ते होणार नाही.

मावशींचं बोलते, कारण हा भाग मला महत्त्वाचा वाटतो आणि तुझ्या पत्रात त्या फक्त एका ओळीत आल्या आहेत. नवीन नियमाने तुझं नुकसान होईल त्याहून जास्त त्यांचं होईल, एकटीने ३२ डबे आणि ३२ बाथरूम म्हणजे त्यांना घाई करावीच लागणार, आणि घाईत दटावणं आलंच, मग उद्या एखादा पालक मावशींची तक्रार करणार. कुणाला घरी कोण भरवतं, कोण कुणाबरोबर भांडतं, कोणाच्या घरी नवीन बाळ आलंय हे बहुतेक वेळा मावशींना आपल्याआधी माहीत असतं. शनिवारी मुलं गेल्यावर दहा मिनिटं त्यांच्याबरोबर चहा घे आणि विचार, या आठवड्यात तुम्हाला काय दिसलं. आणि तू तीन क्लिपा उघडतेस आणि चौथी सोडतेस ते का, हे त्यांनाही सांग, नाहीतर तू शिकवायला जाशील आणि त्या प्रेमाने पटकन उघडून देतील. दोघींनी मिळून ठरवलेलं असलं की नियमाचा कागद काहीही म्हणो, वर्ग वेगळा चालतो.

शाळेशी काय बोलायचं तर भांडायला जाऊ नकोस, आकडा घेऊन जा. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात ३ ते ६ वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस हवं असं म्हटलंय. तुमच्याकडे ३२ ला तुम्ही दोघी आहात, म्हणजे दोघी मुलांबरोबर असाल तोवर ठीक आहे, पण जूनपासून डब्याच्या वेळी तू वह्यांकडे गेलीस की ३२ ला एकच उरते. हे शांतपणे दाखव. डब्यासाठी २० मिनिटांऐवजी ३५ मिनिटं माग, निम्मी मुलं तुझ्याकडे आणि निम्मी मावशींकडे बसू देत, आणि त्या बदल्यात रोजचं एक वर्कशीट कमी कर म्हण. एवढ्या लहान वयात लिहिण्याची घाई करू नये हे तर आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणालाही धरून आहे, ३ ते ८ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि भर खेळण्यावर, करून बघण्यावर दिलाय, तेव्हा मॅडमना तू काही बंडखोर वाटायचं कारण नाही. एक टर्म करून बघू एवढंच म्हण. कदाचित नाही म्हणतील. तरीही डब्याच्या वेळी वर्गात बसून वह्या तपासायची परवानगी तेवढी घे, वर्गातून उठू नकोस.

त्या बाबांसाठी एक छोटी वही कर. रोज दोनच मुलांबद्दल दोन ओळी, म्हणजे १६ दिवसांत सगळा वर्ग होतो. 'छान प्रगती' असलं लिहू नकोस, त्याने कुणाला काही कळत नाही. लिही की आज त्याने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा स्वतः उघडला आणि शेजारच्याला विचारून अर्धी दिली. लिही की तिने आज पहिल्यांदा शू लागली असं तोंडाने सांगितलं, आधी नुसती पाय आवळून उभी राहायची. पुढच्या मीटिंगला ही वही घेऊन त्यांच्या मुलाचं पान काढून वाच. मी हे कितीतरी पालकांसमोर केलंय, आणि सांभाळायला आजी आहे म्हणणारी माणसं ते ऐकताना पुढे सरकून बसतात, कारण आपल्या मुलाला इतक्या जवळून कुणीतरी बघतंय हे त्यांना त्याआधी माहीतच नसतं. आणि आजीबद्दल म्हणशील तर ती आजीसुद्धा शिकवतच असते की घरी, भाकरीचा छोटा गोळा नातवाच्या हातात देऊन थाप बघू म्हणते तेव्हा. बाबांना तेही सांग, अपमान म्हणून नाही, आदराने.

बी.एड.चं. मोठी मुलं शिकवावीशी वाटत असतील तर जरूर कर, त्यात काही कमीपणा नाही. फक्त माहिती नीट घे, पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आलाय, त्या वर्गांना डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) लागतं. पण तू विचारतेस ते मोठ्या मुलांची ओढ आहे म्हणून नाही, लोक आया म्हणतात म्हणून, आणि त्या कारणासाठी दोन वर्षं आणि एवढे पैसे घालवू नकोस असं मला मनापासून वाटतं. घरच्यांपैकी नवऱ्याने सहज बोलून दुखवलं असेल तर त्याला एक दिवस सुट्टी घेऊन वर्गात यायला सांग, शाळा परवानगी देत असेल तर. आमच्या ह्यांनी एकदाच येऊन बघितलं होतं, संध्याकाळी स्वतःहून चहा केला आणि नंतर कधी 'खेळायला जातेस' म्हणाले नाहीत.

राहिला तो डबा पुढे करणारा मुलगा. पत्रात तू त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस आणि मला तोच सारखा आठवतोय. तो बोलत नाही की तुझ्याशी बोलत नाही? घरी कोणती भाषा आहे, गावाकडून आलेत का, परराज्यातून आलेत का, मावशींशी बोलतो का? त्याला डबा उघडताच येत नाही, की दिवसातून एकदा तुझ्यासमोर उभं राहायला त्याला तेवढं एकच निमित्त आहे? सोमवारी तो आला की खाली बस, त्याच्या उंचीला ये, डबा लगेच घेऊ नकोस, त्यात आज काय आहे ते विचार, आणि तो कोणत्या शब्दात सांगतो ते मला कळव.

तुझी,
ताई